दीडशे वर्षं टिकलेलं औषध खोटं कसं असेल?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या बाईंचं हे पत्र आहे. वर्षभर त्यांना सतत थकवा आहे. फळ्यावर लिहिताना हात थरथरतो, पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, कधीकधी उगाच रडू येतं. शुगर, बीपी आणि ईसीजी नॉर्मल आले. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघंही म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." अमेरिकेतल्या नणंदेने एक तपकिरी बाटली पाठवली. तिच्या लेबलावर जुन्या वळणाच्या अक्षरांत 'नर्व्ह टॉनिक' असं लिहिलंय आणि एकोणिसाव्या शतकातल्या कृतीने बनवल्याचा दावा आहे. दिवाळीच्या सुट्टीत रात्रीचे थेंब सुरू केले आणि झोप लागू लागली. शाळा उघडल्यावर मात्र पुन्हा जाग येते, म्हणून थेंब वाढवावेत का, हा एक प्रश्न. मुलगा बारावीला आहे, 'नीट'ची तयारी करतोय, झोपत नाही, चिडतो. त्यालाही थोडे थेंब द्यावेत का, हा दुसरा. यजमान म्हणतात, थोतांड आहे, फेकून दे. बाई लिहितात : "व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी औषधं घरोघर होती असं वाचलं. दीडशे वर्षं टिकलेलं औषध खोटं कसं असेल? माझ्या नसा खरंच अशक्त आहेत का? की मी नाटक करतेय? आता मलाच तसं वाटू लागलंय."

उत्तर :

आधी मुलाचं सांगते, बाकीचं सावकाश बोलू. त्याला एकही थेंब देऊ नका. कारण पुढे येईलच, पण आज रात्री त्याच्या दुधात काही मिसळायचा विचार असेल तर तो सोडा.

आता तुमचं. तुम्ही नाटक करत नाही आहात. पहाटे तीनपासून जागी असलेली, तरीही दिवसभर वर्गात उभं राहून शिकवणारी आणि घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभी राहणारी बाई थकलेलीच असते. यजमान 'थोतांड' म्हणाले ते बाटलीला, पण तुम्हाला ते तुमच्या दुखण्याला म्हटल्यासारखं लागलं. म्हणून तुम्ही बाटलीची बाजू घेऊन भांडताय, असं मला पत्र वाचताना जाणवलं. दुखणं खरं असतं आणि त्यावर विकलं जाणारं औषध तरीही पोकळ असू शकतं. तुम्ही ज्या काळाचा दाखला दिलाय, त्या काळात नेमकं हेच लाखो लोकांच्या बाबतीत झालं.

दीडशे वर्षं टिकलेलं म्हणजे काय टिकलं, ते आधी पाहू. इंग्लंडात लँकेशरमधल्या सेंट हेलेन्स गावी थॉमस बीचम यांच्या गोळ्या बनत. त्यांची जाहिरात एकदा नीट वाचण्यासारखी आहे. या गोळ्या कशावर चालतात याची यादी अशी : पोटात वारा धरणं, डोकेदुखी, चक्कर, जेवणानंतरचं जडपण, गुंगी, थंडी वाजणं, अंगातून गरम वाफा जाणं, भूक मरणं, दम लागणं, बद्धकोष्ठ, कातडीवरचे डाग, अस्वस्थ झोप, भयानक स्वप्नं, आणि शेवटी 'मज्जातंतूंची सर्व प्रकारची थरथर'. पहिल्या मात्रेने वीस मिनिटांत आराम पडेल, असं वचनही होतं. तुमच्या पत्रातली थरथर आणि झोपमोड ही लक्षणं या यादीत आहेत. माझीही निघतील आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांची निघतील. यादी इतकी लांब असली की प्रत्येकाला त्यात आपलं दुखणं सापडतं, आणि 'हे माझ्याचसाठी लिहिलंय' असं वाटलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने घटक गुप्त ठेवून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांची रासायनिक तपासणी करून तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले. बीचमच्या गोळीत तीन गोष्टी निघाल्या : कोरफडीचा वाळवलेला चीक, म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या औषधांत असतो तो काळा बोळ, सुंठ, आणि साबण. थोडक्यात, पोट साफ करायची गोळी. छप्पन्न गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा पेनींना मिळे. आतल्या मालाची किंमत होती सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. हिशेब मांडला तर विक्रीची किंमत मालाच्या १०८ पट होते. ज्याचं दुखणं बद्धकोष्ठातूनच आलेलं असे त्याला त्या गोळीने खरंच बरं वाटे. डोकं हलकं होई, भूक लागे. असा एक माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरला की पुढचे दहा जण गोळी घेत, मग त्यांचं दुखणं काही का असेना.

त्या किमतीतली दीड पेनी सरकारची होती. ब्रिटनमध्ये अशा औषधांच्या वेष्टनावर कराचा स्टॅम्प लावावा लागे. लोकांना वाटे, सरकारचा शिक्का आहे म्हणजे सरकारने तपासलेलं असणार. शेवटी सरकारला त्या स्टॅम्पवरच छापावं लागलं की ही कसलीही सरकारी हमी नाही. तुमच्या बाटलीवरही बारीक अक्षरांत काहीतरी असेल, ते भिंगाने वाचा. अमेरिकेत पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर असे दावे केले तर छापावंच लागतं की या दाव्यांची तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने छाननी केलेली नाही आणि ही वस्तू कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही. मोठ्या अक्षरांत 'नर्व्ह टॉनिक' आणि बारीक अक्षरांत हे, अशी ती मांडणी असते.

टिकण्याचं पुढचं ऐका. बीचम कंपनी वाढली, औषध संशोधनात शिरली, आणि विलीनीकरणांतून आजच्या एका बड्या औषध कंपनीचा भाग झाली. त्या मूळ गोळ्या १९९८ मध्ये बंद झाल्या. अमेरिकेतल्या अटलांटात जॉन पेम्बर्टन यांनी १८८६ मध्ये कोका-कोला बाजारात आणलं तेही मेंदूला तरतरी देणारं, मज्जातंतूंचा थकवा घालवणारं पेय म्हणूनच. त्यात तेव्हा कोकेनचा अंश होता. १९०३च्या सुमारास तो काढला गेला. आज आपण ते तहान लागली म्हणून पितो. या सगळ्यांत टिकली ती नावं आणि बाटलीची ऐट. आतलं औषध गेलं, कारण ते निरुपयोगी तरी होतं नाहीतर धोक्याचं तरी. म्हणून 'एकोणिसाव्या शतकातली कृती' असं लेबलावर वाचलं की माझ्या मनात आदर जागा होत नाही, चौकशी जागी होते : कोणती कृती, आणि त्यात काय काय होतं?

कारण काय काय होतं हे भीतीदायक आहे. इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावच्या डॉ. माइल्स यांचं 'नर्व्हाइन' हे नसांचं औषध फार खपलं. त्यात ब्रोमाइड असे. त्याने गुंगी येते, झोपही लागते. पण ब्रोमाइड शरीरातून फार हळू बाहेर पडतं. रोज थोडं घेतलं तर साठत जातं, आणि मग तेच डोकं बधिर करतं, बोलणं जड करतं, भास घडवतं, अंगावर पुरळ आणतं. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या काही जणांना वेड लागलेलं नव्हतं, ब्रोमाइडचं विष चढलेलं होतं. दुसऱ्या टोकाला तरतरी आणणारी औषधं होती. ईस्टन्स सिरपमध्ये लोह आणि क्विनाइनसोबत स्ट्रिकनीन हे जहाल विष असे. हे स्ट्रिकनीन कुचल्याच्या बियांतलं, त्या झाडाला कोकणात काजरा म्हणतात. कोकणातल्या माणसाला काजऱ्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. आणि भारतात सैन्यात डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन यांनी १८४८ मध्ये पटकीसाठी बनवलेलं क्लोरोडाइन म्हणजे अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. ते पुढे घरोघरच्या कपाटात गेलं.

मुलाला थेंब देऊ नका म्हटलं ते याचसाठी. अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांचं सरबत दात येणाऱ्या बाळांना देत. बाळ शांत होई, आई देवाचे आभार मानी. त्यात मॉर्फीन होतं. काही बाळं पुन्हा उठलीच नाहीत. त्या आया निष्काळजी नव्हत्या. रात्र-रात्र जागून थकलेल्या होत्या आणि बाटलीवर आईबाळाचं सुंदर चित्र होतं. तुमच्या बाटलीत मॉर्फीन असेल असं मी म्हणत नाही, आज ते उघड विकता येत नाही. पण माणूस गप्प झाला, झोपला, म्हणजे बरा झाला असं नव्हे, हे त्यातून घेण्यासारखं आहे. सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेच्या वर्षात झोपत नाही आणि चिडतो, तेव्हा त्याला काय खातंय ते आधी ऐकायला हवं. अभ्यासाचं वेळापत्रक किंवा मार्क यांचा विषय न काढता त्याच्याबरोबर संध्याकाळी चालायला जा. मोबाइल रात्री खोलीबाहेर ठेवायचा नियम घरात सगळ्यांसाठी करा, फक्त त्याच्यासाठी नको. तो तुमच्याशी बोलला नाही तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. क्रमांक तुम्हीही वापरू शकता. आणि 'मला जगावंसंच वाटत नाही' या अर्थाचं काही तो बोलला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मुलग्यांबद्दल आणखी एक सांगायलाच हवं, कारण या सदराला तरुणांची जी पत्रं येतात त्यांत 'नसांची कमजोरी' हा शब्द फार वेगळ्या अर्थाने येतो. स्वप्नात वीर्य गेलं, हस्तमैथुन केलं, म्हणून आता ताकद संपली, लग्न कसं करू, अशी ती भीती. तीही लंडनमध्ये पद्धतशीर विकली गेली होती. डॉ. कान यांच्या नावाच्या शरीरशास्त्राच्या संग्रहालयात पोरांना रोगांचे मेणाचे नमुने दाखवत, घाबरवत आणि मग गुप्त सल्ला विकत. काही भोंदू तर रोग्याने लिहिलेली पत्रं घरच्यांना दाखवू म्हणून त्याच्याकडूनच पैसे उकळत. १८८९ मध्ये ब्रिटनला अश्लील जाहिरातींचा कायदा करावा लागला आणि त्यात गुप्तरोगांच्या जोडीला लैंगिक कारणाने येणाऱ्या 'नर्व्हस डेबिलिटी'चं नाव घालावं लागलं. आपल्याकडच्या १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टातही, ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत, हेच नाव आहे. तरी भिंतींवर आणि मोबाइलवर त्या जाहिराती चालूच आहेत. मुलांनो, स्वप्नात वीर्य जाणं हा आजार नाही आणि त्याने नसांचं काही बिघडत नाही. वीर्य गेल्याच्या भीतीने खंगत जाणं हा मात्र डॉक्टरांना माहीत असलेला त्रास आहे. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. मनोविकारतज्ज्ञाला तो नवा नाही आणि तो तुम्हाला हसणार नाही. पैसे मागणारा, घाबरवणारा फोन आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे जा.

बाई, आता तुमचा तिसरा प्रश्न, नसा अशक्त आहेत का. 'मज्जातंतूंचा थकवा' या आजाराला १८६९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी न्यूरॅस्थेनिया हे नाव देऊन प्रसिद्धी दिली. शरीरातला मज्जाशक्तीचा साठा संपतो अशी त्यांची कल्पना होती. तो संपण्याची कारणं त्यांनी सांगितली ती अशी : वाफेची यंत्रं, वर्तमानपत्रं, तारायंत्र, विज्ञान आणि स्त्रियांचं बौद्धिक काम. म्हणजे तुमच्यासारखी शिकवणारी बाई त्यांच्या लेखी आयतीच रोगी. असा साठा शरीरात कुठे सापडला नाही. खऱ्या मज्जातंतूंचे आजार निराळे दिसतात : तळपाय बधिर होणं, मुंग्या, हातातली वस्तू सुटणं, चालताना पाय घसटणं. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

पण 'रिपोर्ट नॉर्मल' हेही मला पुरेसं वाटत नाही. तुमची शुगर पाहिली, बीपी पाहिलं, ईसीजी काढला. हिमोग्लोबिन? थायरॉइड? बी-१२? पत्रात उल्लेख नाही. इथे मला त्याच काळातल्या गुलाबी गोळ्या आठवतात. कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफोर्ड यांनी १८९० मध्ये डॉ. विल्यम्स यांच्या 'फिकट माणसांसाठी गुलाबी गोळ्या' या औषधाचे हक्क ५३ डॉलर आणि एक सेंटला घेतले आणि त्यावर प्रचंड संपत्ती केली. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही त्यांच्या जाहिराती येत. लकव्यापासून निद्रानाशापर्यंत सगळं बरं करू म्हणत. तो दावा खोटा होता, पण गोळीत लोह होतं. ज्या पांढऱ्याफटक मुलींना रक्त कमी होतं त्यांना त्याने चांगला गुण येई. म्हणजे बायका 'नसांचं' औषध घेत होत्या आणि बरं होत होतं ते रक्त. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. थकवा, धडधड, दम, चिडचिड ही रक्तक्षयाचीच लक्षणं आहेत. हात थरथरणं, धडधड आणि झोप उडणं थायरॉइड जास्त झाल्यावरही होतं. तुमचं वय पाहता पाळी जायच्या आधीचे बदल सुरू झाले असतील, त्यातही पहाटे जाग येते. आणि हे सगळं नीट आलं तर चिंता किंवा नैराश्य यांचा विचार करायचा. तेही आजारच आहेत आणि त्यांवर तपासलेले उपचार आहेत. 'टेन्शन घेऊ नका' हा उपचार नव्हे. तसं पुन्हा कुणी म्हणालं तर सरळ विचारा, "मग ते कमी कसं करायचं, आणि कुणाकडे जाऊ?"

थेंबांनी झोप आली हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत केली. पेपर तपासणी नाही, सातची एसटी नाही, मुलगाही घरी. शाळा उघडली आणि जाग परत आली. बाटली तीच होती. मला वाटतं झोप सुट्टीने आणली असावी. दुसरं, नणंदेने एवढ्या लांबून आठवणीने काहीतरी पाठवलं, वर्षभरात पहिल्यांदा कुणी तुमचं दुखणं मनावर घेतलं. त्याने बरं वाटतं, आणि हे औषध विकणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकम यांच्या नावाचं स्त्रियांचं टॉनिक १८७५ पासून विकलं जाई. डॉक्टर पुरुष असतात, त्यांना सांगता येत नाही ते मिसेस पिंकमना लिहा, असं जाहिरात सांगे, आणि असंख्य बायका मन मोकळं करून लिहीत. पिंकमबाई १८८३ मध्ये वारल्या. पत्रं मागवणं चालूच राहिलं. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटो तारखेसकट छापला. टॉनिकमध्ये अठरा-वीस टक्के अल्कोहोल होतं. त्या बायकांना भोळ्या म्हणायला माझं मन धजत नाही. त्यांना ऐकणारं कुणीतरी हवं होतं. सदर लिहिणारी म्हणून ती पत्रं आठवली की मला आपल्यावरची जबाबदारी जाणवते, म्हणून हे उत्तर इतकं लांबतंय.

आता बाटलीचं काय करायचं. फेकू नका आणि थेंब वाढवू तर मुळीच नका. जाग परत येते म्हणून मात्रा वाढवायची, ही वाट त्या काळी फार जणांना व्यसनापर्यंत घेऊन गेली. लेबलाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात अल्कोहोल किती आहे ते बघा, असे अर्क बहुधा त्यातच करतात. कावा नावाची वनस्पती असेल तर यकृताला धोका असू शकतो. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती असेल तर ती नैराश्यावरच्या आणि संततिनियमनाच्या गोळ्यांच्या आड येते. अश्वगंधा असेल आणि थायरॉइडची गोळी सुरू करायची वेळ आली तर ते सांगणं गरजेचं आहे. घटकांची यादीच नसेल, नुसतं 'गुप्त मिश्रण' असं असेल, तर आजपासून घेऊ नका. एकदम बंद केल्यावर खूप घाम, थरथर किंवा बेचैनी वाढली तर तेही लगेच डॉक्टरांना कळवा. नणंदेला यातलं कडवट काही लिहू नका. तिला फोन करा आणि झोपेबद्दल बोला, बाटलीबद्दल नको.

डॉक्टरकडे जाताना कागदावर लिहून न्या : किती वाजता जाग येते, धडधड कधी होते, पाळीचं काय चाललंय, वजन वाढलं की घटलं, चहा किती वेळा. आणि यजमानांना बरोबर न्या. ती यादी त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकू दे, आणि घरी आल्यावर सकाळचा डबा कोण करणार हेही त्याच दिवशी ठरवून टाका.